सातबाऱ्यावर पोटखराबा, मातीवर घरटं: हिंजवडीकरांना तातडीचं आवाहन

हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे आणि जांबे इथल्या सर्वांना,

गेल्या आठवड्यात नेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या माळावर चुन्याची फक्की मारलेली दिसली. चार कोपऱ्यांना चार खुंट्या आणि खुंट्यांना लाल फडकी. त्या चौकोनाच्या आत, रस्त्यापासून साधारण सत्तर पावलांवर, माळटिटवीची चार अंडी आहेत. घरटं म्हणावं असं तिथं काहीच नाही. मुरमात टाचेएवढा खळगा, कडेला शेळ्यांच्या चार लेंड्या, थोडे बारीक खडे आणि त्यात निमुळती टोकं आत करून मांडलेली, काळ्या ठिपक्यांची मातकट अंडी. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते तरी मला ती दिसली नव्हती. मादी उठून तुरुतुरु पळाली, वीसेक पावलांवर थांबून ओरडायला लागली, तेव्हा कुठं मी खाली पाहिलं आणि पाय जागीच थांबवला.

दुपारी ऊन तापलं की ही मादी ओढ्यातल्या उरल्यासुरल्या डबक्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या पोटानं परत येऊन अंड्यांवर बसते. एरवी पक्षी अंड्यांना ऊब देतात, ही भर उन्हाळ्यात त्यांना गारवा देते. हे मी दुर्बिणीतून तीन दुपारी पाहिलं. पंखांना पाणी लागू न देता फक्त पोट भिजवायचं तिचं कसब पाहताना मला माझी आजी आठवली. ती उन्हाळ्यात माठाला ओलं फडकं गुंडाळायची.

माळटिटवी अजून धोक्यात आलेला पक्षी नाही, हे मी आधीच सांगते. ती अजून बऱ्याच ठिकाणी दिसते, आणि तिच्यासाठी कोणी मोर्चा काढणार नाही. पण ज्या जमिनीवर ती अंडी घालते ती जमीन मात्र धोक्यात आहे, आणि त्या जमिनीवर जगणारे बाकीचे कितीतरी जीव आधीच संपण्याच्या काठावर आले आहेत. ही जमीन म्हणजे माळ. हिंजवडीच्या टेकड्यांच्या पायथ्याला, मारुंजीच्या चढाला, कासारसाईच्या धरणाकडे जाताना दोन्ही हाताला अजून तुकड्यातुकड्यांनी उरलेलं गवताळ, खडकाळ रान. ते वाचवायला आपल्या हातात फार दिवस नाहीत. म्हणून हे पत्र.

या जमिनीचा सातबारा काढून बघा. त्यावर बहुतेक ठिकाणी एक शब्द सापडेल: पोटखराबा. लागवडीला नालायक. सरकारी जमीन असेल तर पड, मुरमाड किंवा गायरान. देशपातळीवर पडीक जमिनींचे नकाशे निघतात, त्यातही गवताळ आणि खुरट्या झुडपांचं रान पडीक याच सदरात बसतं. एकदा कागदावर पडीक लागलं की पुढचं सगळं आपोआप होतं. रस्ता न्यायचा असो, कचरा टाकायचा असो, प्लॉट पाडायचे असोत की सौरऊर्जेचे पट्टे उभारायचे असोत, पहिली नजर तिथं जाते. कुणाला वाईट वाटत नाही, कारण तिथं काही नव्हतंच अशी सगळ्यांची समजूत असते. जंगल तोडलं की निदान बुंधे तरी दिसतात. माळावर डोझर फिरला की संध्याकाळपर्यंत तो कालच्याइतकाच तपकिरी दिसतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

दिवाळी झाली की फलटणकडचे धनगर बकऱ्या-मेंढ्या आणि घोड्यांवर संसार लादून याच माळांवरून कोकणात उतरतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाबांना मी विचारलं, हा माळ पडीक कधीपासून आहे? ते माझ्याकडे बघतच राहिले. ‘‘पडीक कवा व्हता, ताई? माझ्या आज्यापासनं आमी हितं बसतोय. कुसळी वाळली की मेंढरं खात न्हाईत, पर पवन्या अन् मारवेल हाय तवर पोट भरतंय. आता तारंची कुंपणं झाल्याती. रस्त्याच्या कडंनं जावं लागतंय, गाड्या मेंढरं चेचत्यात.’’ त्यांनी मला बोटानं दाखवून सहा प्रकारचं गवत ओळखायला शिकवलं. त्याआधी बारा वर्षं मी त्याच माळाशेजारून ऑफिसला जात होते आणि मला ते सगळं एकच वाळकं गवत वाटत होतं.

पहिला पाऊस पडून गेला की याच माळावर बसून बघा. गुडघ्याएवढ्या गवतात निळी नभाळी उगवते, भुईआमरीचे तुरे येतात, श्रावणात सोनकी आणि तेरडा टेकडीचा उतार रंगवून टाकतात. सह्याद्रीत आणि दख्खनच्या माथ्यावर कंदीलपुष्पाच्या अशा जाती आहेत ज्या जगात दुसरीकडे कुठंच सापडत नाहीत. जुन्नरच्या डोंगरात १८६५ च्या सुमारास डॅल्झेल नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला शिंदळ माकुडी सापडली. तीही फक्त महाराष्ट्रातच आहे आणि मोजक्या कड्यांवर टिकून आहे. पंख्यासारखा निळा-काळा-केशरी गळा फुगवणाऱ्या सरड्यांचा एक नवा गट २०१६ मध्ये जगासमोर आला. शास्त्रज्ञांनी त्या गटाला नाव दिलं ‘सरडा’. आपल्या भाषेतला शब्द जगाच्या प्राणिशास्त्रात गेला तो दख्खनच्या अशाच खडकाळ, पोटखराबा जमिनीमुळे.

थंडीत मध्य आशियाकडून भोवत्या येतात. गवतावरून हातभर उंचीनं, पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर धरून, तासन्‌तास गस्त घालणारे शिकारी पक्षी. ते रात्री झाडावर बसत नाहीत, गवतात जमिनीवर एकत्र मुक्काम करतात. गवत नसेल तर त्यांना निजायलाच जागा नाही. नेपाळी गरुड आज जागतिक यादीत संकटग्रस्त आहे, तोही हिवाळ्यात आपल्या दख्खनवर उतरतो. देशभरातल्या पक्षी निरीक्षकांच्या नोंदींवरून २०२३ मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला, त्यात ९४२ जातींचा आढावा होता. गवताळ आणि उघड्या रानावर अवलंबून असणारे पक्षी सगळ्यांत वेगानं घटणाऱ्यांमध्ये आहेत, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो चास पक्षीही घटणाऱ्यांत आहे.

जे आज साधं आणि भरपूर वाटतं ते किती पटकन संपतं, याचा महाराष्ट्राला चांगला अनुभव आहे. रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या एका इंग्रजाने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत एकट्या अहमदनगर जिल्ह्यात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. एका माणसाने, एका जिल्ह्यात. म्हणजे तिथं किती माळढोक असतील याचा विचार करा. १९७९ मध्ये सोलापूर-नगर भागात माळढोक अभयारण्य जाहीर झालं, कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात शेतं, गावं, शहरं सगळंच आलं, लोक वैतागले, आणि पुढं ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. पण माळढोकाला लागणारा गवताचा सलग पट्टा तोवर कालवे, ऊस आणि विजेच्या तारांनी कापला गेला होता. आज देशात सगळे मिळून दीडशेच्या आसपास माळढोक उरले आहेत आणि ते जवळजवळ सगळे राजस्थानात आहेत. अभयारण्यातल्या नान्नजच्या माळावर आता पर्यटक जातात, काळवीट बघतात आणि परत येतात. माळढोकाच्या शिकारीवर तर १९७२ पासून कायद्यानं बंदी आहे. बंदुका थांबल्या, तरी इथला पक्षी संपला, कारण त्याची जमीन पडीक म्हणून वाटली गेली.

आणि लांडगा. वन्यजीव कायद्यात वाघाला जे पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे तेच लांडग्यालाही आहे. वाघांची संख्या देशात तीन हजारांच्या वर गेली म्हणून आपण पेढे वाटतो. भारतीय लांडगेही साधारण तेवढेच, तीनेक हजार आहेत, आणि त्यांच्यासाठी वाघासारखे प्रकल्प नाहीत. कारण ते जंगलात राहत नाहीत, माळावर राहतात, म्हणजे सातबाऱ्याच्या भाषेत कुठंच राहत नाहीत. इथली जुनी माणसं लांडग्याच्या गोष्टी सांगतात. आज पुण्याच्या माणसाला लांडगा पाहायचा तर सासवड, सुपे, बारामती, इंदापूर गाठावं लागतं. वन विभागानं कडबनवाडी आणि शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केली, ती चांगली गोष्ट झाली. पण तिकडेही काय घडतंय ते ऐका. पुण्याजवळच्या माळावर २०१४ मध्ये अभ्यासकांना वेगळ्याच रंगाचा एक लांडगा दिसला. पुढं जनुकीय तपासणीत कळलं की तो लांडगा आणि कुत्रा यांचा संकर आहे. वस्ती माळात घुसते, तिच्यामागून उकिरडे येतात, उकिरड्यांवर मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या वाढतात. लांडग्यांचे कळप फुटून एकटे पडले की ते कुत्र्यांमध्ये मिसळतात, आणि कुत्र्यांचे आजार लांडग्यांना लागतात. गोळी न झाडता, एकही पिंजरा न लावता एक जात अशी विरघळून जाऊ शकते. हिंजवडीच्या तिसऱ्या टप्प्यामागे संध्याकाळी कचऱ्याच्या ढिगांवर किती कुत्री असतात, ते तुम्ही पाहिलंच असेल.

आता एक गोष्ट मला माझ्याबद्दल सांगायची आहे. २०११ मध्ये आमच्या कंपनीनं सामाजिक उपक्रम म्हणून एका टेकडीच्या उतारावर झाडं लावायचा कार्यक्रम केला. आम्ही तीनशे जण टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन गेलो, मी स्वतः अकरा खड्डे भरले. आम्ही लावलेली बहुतेक झाडं गिरिपुष्पाची होती, गावात तिला उंदीरमारी म्हणतात. ती जगली, चांगली फोफावली. तिच्याखाली आता गवत उगवत नाही. चंडोल तिथं गात नाही, डोंबारी पक्ष्याची जोडी धुळीत बसलेली दिसत नाही. आम्ही माळ मारला आणि फोटो काढून घरी आलो. कुणाचाच हेतू वाईट नव्हता, आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं की गवताचंही स्वतंत्र रान असतं आणि झाड नसणं हा त्याचा दोष नसतो. म्हणून हिंजवडीतल्या प्रत्येक कंपनीच्या सामाजिक उपक्रमांच्या विभागाला माझी हात जोडून विनंती आहे: येत्या पावसाळ्यात माळावर झाडं लावू नका. चर खणू नका. झाडं लावायचीच तर रस्त्याच्या कडेला लावा, तुमच्या पार्किंगमध्ये लावा, ओढ्याच्या काठी करंज, उंबर, जांभूळ लावा. माळाला वणव्यापासून, राडारोड्यापासून आणि कचऱ्यापासून राखायला पैसे द्या. त्यात फोटो चांगला येणार नाही, पण काम होईल.

ज्यांना पक्ष्यांशी आणि लांडग्यांशी काही घेणं नाही, त्यांनी जून २०२५ आठवावा. एका पावसात आयटी पार्कचे रस्ते नदीसारखे वाहिले, बस गुडघाभर पाण्यात अडकल्या, लोक बूट हातात घेऊन चालत निघाले. मग पाहणी झाली आणि कळलं की ठिकठिकाणी ओढे बुजवले होते, वळवले होते, नळ्यांत कोंबले होते. प्रशासनाने नोटिसा काढल्या. पण ओढा बुजण्याआधी त्याच्या डोक्यावरचा माळ गेला होता, त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. गवताची मुळं मातीला बांधून ठेवतात, पाण्याचा वेग मोडतात, मुरमात ते जिरवतात. टेकडी कापून सपाट केली, तिच्यावर फरशी घातली की तेच पाणी दहा मिनिटांत खालच्या चौकात येतं. हिंजवडीचे जुने रहिवासी सांगतील, इथं साखर कारखाना व्हायचा होता. तो कासारसाईकडे गेला आणि नव्वदच्या दशकात इथं आयटी पार्क आलं. ते आलं म्हणून माझ्यासारख्या हजारो जणांना घर मिळालं, नोकरी मिळाली. मी त्याच्या विरुद्ध बोलत नाही. माण ते शिवाजीनगर मेट्रोची वाट मीही बघत आले आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की काय बांधायचं ते ठरवताना काय तसंच ठेवायचं हेही त्याच टेबलावर ठरलं पाहिजे, आणि आता ठरलं पाहिजे.

आता का, ते सांगते. पीएमआरडीएचा, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, प्रारूप विकास आराखडा ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यावर सुमारे ६७ हजार हरकती-सूचना आल्या. २०२५ मध्ये राज्य सरकारने तो आराखडाच रद्द केला. म्हणजे आपल्या गावांचं पुढच्या वीस वर्षांचं चित्र पुन्हा कोऱ्या कागदावर काढलं जाणार आहे. आपली गावं पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यायची की नाही, ही चर्चाही सुरूच आहे. कोणाच्याही हातात कारभार गेला तरी नवा नकाशा निघणारच. तो निघाला की कायद्याप्रमाणे हरकती नोंदवायला तीस दिवस मिळतात. माळटिटवीच्या अंड्यांतून पिल्लं बाहेर यायला जवळपास तेवढेच दिवस लागतात. तीस दिवसांत नकाशा समजून घेणं, सर्व्हे नंबर शोधणं, पुरावे गोळा करणं नोकरी करणाऱ्या माणसाला जमत नाही. त्यामुळे तयारी आधीच करून ठेवावी लागेल. प्रसिद्धीच्या दिवशी आपल्या हातात कागद तयार पाहिजेत.

हे होऊ शकतं, याची दोन उदाहरणं डोळ्यांसमोर आहेत. हैदराबादच्या आयटी पट्ट्याला लागूनच, विद्यापीठाशेजारी कांचा गच्चीबावलीचं चारशे एकरांचं रान आहे. मार्च २०२५ च्या अखेरीस सुट्ट्यांचा मुहूर्त साधून तिथं डोझर घुसले. मोरांचे आवाज असलेला एक व्हिडिओ देशभर फिरला, विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आणि ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने स्वतः दखल घेऊन काम थांबवलं. पण तोवर शंभरेक एकर साफ झाले होते. दुसरं उदाहरण बंगळुरूचं. तिथल्या हेसरघट्टाच्या गवताळ रानात चित्रपटनगरी करायचा घाट होता. तिथल्या पक्षी निरीक्षकांनी, गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या, न्यायालयात गेले, मंत्र्यांना भेटले, आणि २०२४ मध्ये कर्नाटकच्या वन्यजीव मंडळाने ते संवर्धन राखीव करायला मान्यता दिली. हैदराबादला डोझर आल्यावर लोक जागे झाले. हेसरघट्टात लोक आधीपासून जागे होते. आपण हेसरघट्टासारखं वागावं, ही माझी इच्छा आहे.

पुण्यातसुद्धा टेकड्यांसाठी माणसं लढली आहेत. १९९७ मध्ये शहरात आलेल्या २३ गावांतल्या ९७६ हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण पडलं, ते बऱ्याच वर्षांच्या भांडणानंतर, २०१५ मध्ये शासनाने कायम केलं. वेताळ टेकडीसाठी एप्रिल २०२३ मध्ये हजारो पुणेकर चालले. गणेशखिंडीचं उद्यान २०२० मध्ये जैवविविधता वारसास्थळ झालं. मुळेच्या काठची झाडं वाचवायला २०२५ मध्ये पिंपळे निलखला माणसांनी साखळी केली, त्यात आपल्या वाकडचे, हिंजवडीचे लोकही होते. मात्र ९ डिसेंबर २०२० चा दिवसही मला विसरता येत नाही. कोथरूडच्या महात्मा सोसायटीत एक गवा शिरला. मुळशीच्या रानातून वाट चुकलेला असावा. लोक गच्च्यांवरून, गाड्यांवरून त्याच्यामागे ओरडत धावले. तो भिंतींवर आपटला, रक्तबंबाळ झाला, आणि पकडल्यावर थोड्याच वेळात मेला. पंधरवड्यानंतर पाषाण-बावधनकडे दुसरा गवा आला, तेव्हा लोकांना लांब ठेवलं, वाट मोकळी ठेवली आणि तो शांतपणे परत गेला. तेच शहर, तीच माणसं. पहिल्या वेळी वाट अडवली, दुसऱ्या वेळी मोकळी ठेवली, एवढाच फरक होता.

मग काय करायचं? माझ्या मते सगळ्यांत आधी ग्रामसभा. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे आणि तिच्याकडे लोक जैवविविधता नोंदवही असली पाहिजे. तुमच्या गावची नोंदवही मागा. बहुतेक ठिकाणी ती कुणीतरी बाहेरच्यानं भरून कपाटात ठेवलेली असते. तिच्यात माळाचं नाव, गवतांची नावं, पक्ष्यांची नावं, ओढ्यांची नावं आहेत का ते बघा. नसतील तर भरा, आणि भरताना गावातल्या म्हाताऱ्या माणसांना, गुराख्यांना, रानभाज्या विकणाऱ्या मावशींना सोबत घ्या. त्यांना जे ठाऊक आहे ते माझ्या कोणत्याही ॲपमध्ये नाही. दुसरं, गायरानं शोधा. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये गावच्या सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याचे आदेश सगळ्या राज्यांना दिले, आणि महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ ला त्याबद्दल शासन निर्णय काढला. गायरान कुठं आहे, त्याची मोजणी झाली का, हे तलाठी कार्यालयात लेखी विचारा. तोंडी विचारलेल्या प्रश्नाला कुणी बांधील नसतं.

पक्षी, सरडे, फुलं जे दिसेल त्याचा फोटो काढा, तारीख आणि जागा टाकून ई-बर्डवर किंवा आयनॅचरलिस्टवर ठेवा. हीच नोंद उद्या हरकतीसोबत जोडता येते. फक्त घरट्यांची नेमकी जागा जाहीर टाकू नका, आणि घरट्याजवळ पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका. तुम्ही उभे असता तेवढा वेळ अंडी उन्हात उघडी पडतात. जखमी प्राणी दिसला, वणवा पेटलेला दिसला, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच फोन करा. आणि फ्लॅट घेणार असाल तर बुकिंगच्या आधी विक्री कार्यालयात एक साधा प्रश्न विचारा: इथं आधी काय होतं, आणि ओढा कुठं गेला? दहा गिऱ्हाइकांनी हा प्रश्न विचारला तर अकराव्यासाठी त्यांना उत्तर तयार ठेवावं लागेल.

जमीनमालकांशी मला मोकळेपणानं बोलायचंय. तुमचा माळ तुमचा आहे. गुंठ्याचा भाव काय चाललाय ते मला माहीत आहे, आणि मुलीच्या लग्नाला, आजारपणाला, पोराच्या शिक्षणाला त्यातला एखादा तुकडा विकावा लागतो, हेही कळतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी तुम्हाला निसर्ग सांभाळा म्हणून फुकटचा उपदेश करणं मला बरोबर वाटत नाही. पुण्याच्या टेकड्यांवरच्या मालकांना आरक्षणाच्या बदल्यात ८ टक्के हरित टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) देऊ केला गेला, तो त्यांना पुरेसा वाटला नाही. त्यांचं म्हणणं मला चूक वाटत नाही. म्हणून आपण दोघांनी मिळून शासनाकडे मागायचं: माळ राखणाऱ्याला रास्त मोबदला द्या, चराईच्या हक्काला भाव द्या, गवत ठेवल्याबद्दल वर्षाकाठी पैसे द्या. ज्याची जमीन आहे त्याच्या पोटाचा विचार न करता काढलेला नकाशा टिकत नाही, माळढोक अभयारण्यानं हे आपल्याला दाखवून दिलं आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणं आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. मेंढरं घेऊन आपल्या रस्त्याच्या कडेनं जाणाऱ्या त्या बाबांचं हे वर्ष आहे. असं मागणं मागायला याहून चांगली वेळ येणार नाही.

चैत्री पौर्णिमेला आपल्या हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाची यात्रा भरते, बगाड निघतं, आयटीतल्या गाड्या दोन तास अडकतात आणि कुणी तक्रार करत नाही. गावानं एखादी गोष्ट आपली मानली की ती राहते. मुळशी-मावळात देवाच्या नावावर राखलेल्या देवराया अजून उभ्या आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात त्यांचा अभ्यास करून हे जगाला सांगितलं. तिथं कुऱ्हाड चालत नाही कारण गावानं तसं ठरवलंय. गवताची देवराई असायला कुणाची हरकत आहे? ग्रामसभेत हात वर करून ठरवायचं, मारुंजीच्या उतारावरचा हा पट्टा, कासारसाईच्या वाटेवरचा तो तुकडा, इथं काही होणार नाही. मग तो ठराव नव्या आराखड्याच्या हरकतीला जोडायचा.

मी दर रविवारी सकाळी साडेसहाला मारुंजीच्या लक्ष्मी चौकात असते. तिथून आम्ही पाच-सहा जण चालत माळावर जातो, दोन तास मोजणी करतो, नोंदी लिहितो. वही, पाणी आणि टोपी एवढंच लागतं. मुलांना आणा, कुत्रा मात्र घरी ठेवा. ज्यांना सातबारा वाचता येतो त्यांची आम्हाला फार गरज आहे, वकिलांची त्याहून जास्त, आणि ज्यांनी आजवर एकही पक्षी ओळखलेला नाही त्यांचीही तितकीच.

खुंट्या अजून तिथंच आहेत. काल संध्याकाळी एका गुराख्याच्या मुलानं खळग्याभोवती चार मोठे दगड लावून ठेवलेले दिसले, ट्रॅक्टरवाल्याच्या लक्षात यावं म्हणून. मी अंडी पहिल्यांदा पाहिली त्याला आज नऊ दिवस झाले.